पाठीचा पट्टा : निवड, वापर आणि मर्यादा

ताठ कण्याचा माणूस हा आपल्याकडे स्वाभिमानी माणूस समजला जातो. संकटाने एखाद्याचा कणा मोडला असे आपण म्हणतो आणि कोणापुढे पाठ न वाकविणाऱ्याचा आदर करतो. भाषेने कण्याला एवढा मान दिला असला, तरी प्रत्यक्ष जीवनात शरीराच्या या आधारस्तंभाची जितकी हेळसांड होते तितकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या अवयवाची होत असेल. भाताच्या लावणीच्या दिवसांत स्त्रिया तासन्‌तास ओणव्याने चिखलात राबतात. काजूच्या हंगामात पडलेली बोंडे वाकून वेचावी लागतात. कचेरीतील लिपिक संगणकापुढे, शिंपी यंत्रापुढे आणि विद्यार्थी बाकावर पोक काढून बसतो. घरी आल्यावरही हातातील मोबाईल मान खाली घालावयास लावतो. मग कधी पाठ भरून येते, कधी उसण भरते, तर कधी घरातील वडीलधारी मंडळी बजावतात, “सरळ बस, कुबड येईल!”

अशा वेळी बहुतेकांना आठवण होते ती पट्ट्याची. औषधांच्या दुकानांत आणि आता घरबसल्या मागवूनही पाठीचे व कमरेचे नाना प्रकारचे पट्टे मिळतात. ते विकत घेण्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. त्यामुळे शेजाऱ्याला ज्याने गुण आला तोच पट्टा आपणही आणावा, असा सर्वसाधारण प्रघात पडला आहे. परंतु पट्टा ही नुसती वापरावयाची वस्तू नसून एक उपचार आहे. उपचार म्हटला की प्रथम निदान आले, त्यानंतर प्रमाण आले आणि शेवटी मुदतही आली. योग्य जागी योग्य पट्टा वापरल्यास वाढत्या वयाच्या मुलीचा वाकडा होऊ पाहणारा कणा सावरता येतो. चुकीच्या जागी वापरलेला पट्टा मात्र एखादा गंभीर रोग महिनोन्‌महिने झाकून ठेवू शकतो. म्हणून पट्टा निवडण्यापूर्वी आपली पाठ ओळखणे अगत्याचे आहे.

कण्याची रचना

आपला कणा म्हणजे एकावर एक रचलेल्या मणक्यांची माळ होय. जन्मतः हे मणके ३३ असतात. मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५, त्रिकास्थीचे ५ आणि माकडहाडाचे साधारणतः ४. यांपैकी शेवटचे दोन गट वयानुसार जुळून एकसंध होतात. उरलेल्या मणक्यांमध्ये मऊ चकत्या असतात. या चकत्या बसणारे हादरे शोषून घेतात आणि कण्याला वाकू देतात. मणक्यांच्या मागील पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो व त्यातून हातापायांकडे मज्जातंतू जातात. म्हणूनच कण्याची इजा ही केवळ हाडाची इजा नसते.

बाजूने पाहिल्यास निरोगी कणा काठीसारखा सरळ दिसत नाही. मान आणि कंबर यांच्या ठिकाणी तो किंचित पुढे, तर पाठीच्या ठिकाणी किंचित मागे झुकलेला असतो. हे बाक नैसर्गिक आहेत, ते घालविण्याचा प्रयत्न करू नये. मागून पाहिल्यास मात्र कणा सरळ रेषेत दिसला पाहिजे.

हा स्तंभ उभा कोण धरतो? पाठीचे, पोटाचे व नितंबांचे स्नायू. जहाजाची डोलकाठी चहूबाजूंच्या ताणलेल्या दोरांमुळे उभी राहते, तसाच हा प्रकार आहे. दोर सैल पडले की डोलकाठी कलते. पट्टा हा बाहेरून बांधलेला तात्पुरता दोर होय.

पोक कोणते, हे आधी पाहा

सगळी पोके सारखी नसतात. एक पोक सवयीचे असते, दुसरे हाडांच्या रचनेत शिरलेले असते. या दोहोंतील भेद ओळखण्याची एक साधी रीत घरीही करून पाहता येईल. भिंतीपासून चार बोटे पुढे टाचा ठेवून भिंतीला पाठ लावून उभे राहावे. नितंब, खांद्यांची मागची बाजू आणि डोक्याचा मागचा भाग सहजपणे भिंतीला टेकतो काय, ते पाहावे. प्रयत्नाने का होईना पाठ सरळ होत असेल, तर ते बहुधा सवयीचे पोक समजावे. त्याला खरे औषध म्हणजे व्यायाम आणि बसण्याउठण्यातील सुधारणा. कितीही प्रयत्न केला तरी बाक जात नसेल, तर मात्र दोष मणक्यांत अथवा सांध्यांत असण्याचा संभव असतो. अशा व्यक्तीने दुकानात जाण्यापूर्वी दवाखान्यात जावे.

हाडांत शिरलेल्या बाकाची कारणे वयानुसार बदलतात. वाढत्या वयाच्या मुलांत काही मणके पुढील बाजूस कमी वाढून पाचरीसारखे होतात व पाठीला गोल बाक येतो. तरुणांत सांध्यांच्या दाहाने कणा आखडतो. सकाळी उठताना पाठ अर्धा तास वा अधिक वेळ ताठलेली असणे आणि हालचालीने ती मोकळी होणे, ही त्याची खूण होय. उतारवयात, विशेषतः पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात, मणके दबतात आणि उंची कमी होऊन कुबड येते. याखेरीज कण्याचा क्षयरोग कोणत्याही वयात होऊ शकतो. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये या रोगाचे वर्णन केले. आपल्या देशात तो आजही नाहीसा झालेला नाही. मात्र वेळीच ओळखल्यास तो औषधांनी बरा होतो आणि राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाखाली ही औषधे विनामूल्य मिळतात. अशा रुग्णाने केवळ कमरेला पट्टा आवळून दिवस काढले, तर पायांतील शक्ती जाण्याची वेळ येऊ शकते.

पट्ट्यांचे प्रकार

बाजारात मिळणाऱ्या पट्ट्यांची नावे अनेक असली, तरी कामाच्या दृष्टीने त्यांचे चार वर्ग पाडता येतील.

१. खांदे मागे ओढणारा पट्टा : हा दोन्ही खांद्यांवरून व काखांखालून जाऊन पाठीवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दिसतो. गळ्याजवळचे हाड मोडल्यास वापरावयाच्या पट्ट्याशी याचे जवळचे नाते आहे. सवयीच्या पोकासाठी हाच सर्वांत अधिक विकला जातो. खांदे पुढे झुकले की तो ताण देतो आणि सरळ बसण्याची आठवण करून देतो. त्याचे काम आठवण देण्यापुरतेच समजावे. पट्टा सोडल्यानंतरही पाठ कायम सरळ राहते, असे सिद्ध करणारा भक्कम पुरावा उपलब्ध नाही.

२. कमरेचा पट्टा : डॉक्टर ज्याला एल. एस. बेल्ट म्हणतात तो हाच. रुंद, लवचिक कापडाच्या या पट्ट्यात मागील बाजूस धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसविलेल्या असतात. उसण भरल्यावर किंवा कमरेच्या दुखण्याच्या पहिल्या दिवसांत हालचालीला आधार म्हणून तो देतात. पाठीच्या वरच्या भागातील पोक त्याने सुधारत नाही. पुष्कळ जण येथेच चूक करतात.

३. पाठीचा उंच पट्टा : कमरेपासून खांद्यापर्यंत जाणाऱ्या दोन उभ्या पट्ट्या आणि खांद्यांवरचे बंद अशी याची रचना असते. न्यूयॉर्कचे अस्थिरोगतज्ज्ञ चार्ल्स टेलर यांनी एकोणिसाव्या शतकात कण्याच्या क्षयरोगासाठी असा आधार तयार केला, म्हणून त्याला आजही टेलर ब्रेस म्हणतात. मणका दबणे, कण्याचा क्षय, शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती अशा कारणांसाठी तो तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच वापरावयाचा असतो.

४. मापाने घडविलेले कवच : कणा एका बाजूस वाकत असल्यास रुग्णाच्या शरीराचे माप घेऊन घट्ट प्लॅस्टिकचे कवच तयार करतात. बॉस्टन ब्रेस हा त्याचा प्रसिद्ध प्रकार. हे कवच दुकानातून तयार आणता येत नाही.

यांशिवाय बाळंतपणानंतर किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर बांधावयाचा पोटपट्टा वेगळा असतो. त्याचा पाठीच्या ठेवणीशी संबंध नाही.

शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे असा एक दोष

वर सांगितलेल्या चौथ्या प्रकाराचा विचार थोडा विस्ताराने केला पाहिजे, कारण येथे वेळ दवडणे महाग पडते. साधारणतः दहा ते पंधरा या वयात, उंची झपाट्याने वाढत असताना, काही मुलामुलींचा कणा बाजूला वाकतो आणि त्याचबरोबर पिळतोही. कारण बहुधा सापडत नाही. वाढत जाणारा बाक मुलींमध्ये अधिक आढळतो. तो सुरुवातीस दुखत नाही, म्हणून मूल तक्रार करीत नाही. आईला एवढेच दिसते की गणवेश एका बाजूस लोंबतो, एक खांदा वर राहतो किंवा वेणी पाठीच्या मध्यावर येत नाही. मुलगी वाकडी उभी राहते असे समजून तिला रागे भरले जाते अथवा खांद्यांचा पट्टा आणून दिला जातो. त्या पट्ट्याचा येथे काहीही उपयोग नसतो, आणि वाढीचे मोलाचे महिने मात्र निघून जातात.

तपासण्याची रीत सोपी आहे. इंग्लंडमधील विल्यम ॲडम्स यांनी ती १८६५ मध्ये वर्णन केली. मुलाने पाय जुळवून, गुडघे न वाकविता, हात जोडून खाली लोंबते सोडून पुढे वाकावे. पाहणाराने मागून पाठीची पातळी पाहावी. एका बाजूच्या फासळ्या किंवा कमरेची बाजू दुसरीपेक्षा उंच दिसल्यास मुलाला डॉक्टरांकडे पाठवावे. मुलींची पाहणी शिक्षिकेने किंवा परिचारिकेने आडोशाला करावी आणि पालकांना आधी कल्पना द्यावी. शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाच्या नजरेसही अशी मुले आणून द्यावीत.

क्ष-किरण चित्रावर बाकाचा कोन मोजतात. वाढ शिल्लक असताना हा कोन साधारणतः २५ ते ४० अंशांच्या दरम्यान असल्यास कवच देतात. अमेरिका व कॅनडा येथील रुग्णालयांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, कवच वापरणाऱ्या मुलांपैकी ७२ टक्क्यांचा बाक शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत गेला नाही. केवळ देखरेखीखाली ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. दिवसातून सरासरी १३ तास किंवा त्याहून अधिक वेळ कवच घालणाऱ्यांत यशाचे प्रमाण ९० टक्क्यांवर गेले. हाडांची वाढ पूर्ण झाल्यावर मात्र कवचाचा हा उपयोग उरत नाही. म्हणून आठवीतल्या मुलीला दहावीनंतर दाखवू असे म्हणणे, म्हणजे दार बंद झाल्यावर किल्ली शोधण्यासारखे आहे.

कवच घालणाऱ्या मुलीला वर्गात चिडवले जाणार नाही, याची काळजी शिक्षकांनी घेतली पाहिजे. लाजेने कवच कपाटात राहिले, तर विज्ञान तिला मदत करू शकत नाही.

पट्टा काय करीत नाही

प्रौढांच्या बाबतीत चित्र निराळे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखीचा त्रास होता. या संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. विशिष्ट रोग नसलेल्या अशा कंबरदुखीत पट्टे नेहमीचा उपचार म्हणून देऊ नयेत, असे त्यांत म्हटले आहे. व्यायाम आणि रुग्णाचे प्रशिक्षण यांचा मात्र तेथे पुरस्कार केलेला आहे.

ओझी उचलणारे कामगारही इजा टाळण्यासाठी कमरेला पट्टा बांधतात. अमेरिकेत दुकानांतील नऊ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची पाहणी करून २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पट्ट्यामुळे पाठीच्या इजा किंवा पाठदुखी कमी झाल्याचे दिसले नाही. उलट पट्टा बांधला म्हणून माणूस पेलवणार नाही इतके ओझे उचलण्यास धजावतो, हा धोका राहतोच. पट्ट्याने शक्ती वाढत नाही, ही गोष्ट हमाल, बांधकामावरील मजूर व मासळीच्या पाट्या वाहणाऱ्या भगिनी यांनी ध्यानात ठेवावी.

माप, खरेदी आणि बांधण्याची रीत

डॉक्टरांनी पट्टा सुचविल्यास तो कोणत्या प्रकारचा, कोणत्या वेळी व किती दिवस वापरावयाचा, हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. त्यानंतर पुढील गोष्टी पाहाव्यात.

माप : विजारीच्या मापावरून पट्टा घेऊ नये. कमरेच्या पट्ट्यासाठी बेंबीच्या पातळीवर आणि खांद्यांच्या पट्ट्यासाठी छातीभोवती शिंप्याच्या टेपने माप घ्यावे. प्रत्येक उत्पादकाची मापे निराळी असतात. यास्तव खोक्यावरील तक्ता वाचल्याशिवाय ‘मध्यम’ किंवा ‘मोठा’ असे मागू नये. दोन मापांच्या मध्ये माप येत असल्यास दोन्ही बांधून पाहावेत.

कापड : आपली हवा दमट आहे. जाड, रबरी कापडाखाली घाम साचून पुरळ येते. हवा खेळती राहील असे कापड निवडावे व आत सुती बंडी घालावी.

रचना : मागील पट्ट्या कण्याच्या दोन्ही बाजूंस याव्यात, मणक्यांवर टोचू नयेत. खांद्यांच्या पट्ट्याचे बंद काखेत रुतता कामा नयेत. बंद आपल्या हाताने बांधता व सोडता आले पाहिजेत. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे.

बांधणी : कमरेच्या पट्ट्याचा मध्य मागील बाजूस कमरेच्या खोलगट भागावर यावा आणि खालची कड नितंबांच्या वरच्या भागापर्यंत पोहोचावी. पुढून तो पोटाच्या खालच्या भागाला आधार देईल, फासळ्यांवर चढणार नाही, असा बांधावा. पट्ट्याखाली दोन बोटे सरकली पाहिजेत आणि दीर्घ श्वास विनासायास घेता आला पाहिजे. बसल्यावर कड मांडीत रुतू लागल्यास माप अथवा जागा चुकली असे समजावे.

वापर : खांद्यांचा पट्टा प्रारंभी पंधरा-वीस मिनिटेच बांधावा, आणि तोही बसून काम करताना. कमरेचा पट्टा प्रवासात, उभ्याने करावयाच्या कामात, दुखणे असेपर्यंत वापरावा. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसल्यास जेवताना व झोपताना तो काढून ठेवावा. दुखणे ओसरू लागले की वेळ क्रमाक्रमाने कमी करावा. पट्ट्याच्या भरवशावर व्यायाम सोडणे हाच या साधनाचा सर्वांत मोठा तोटा आहे. हातापायाला मुंग्या येणे, बधिरता, धाप लागणे किंवा कातडीवर न जाणारे लाल वळ उठणे, यांपैकी काहीही झाल्यास पट्टा लगेच काढावा.

गर्भवती स्त्रिया, हृदयविकार, उच्च रक्तदाब अथवा दम्याचे रुग्ण, अंतर्गळ असलेले आणि नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेले लोक यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पट्टा बांधू नये.

निगा : मागील पट्ट्या काढून कापड साध्या पाण्यात सौम्य साबणाने धुवावे, पिळू नये आणि सावलीत वाळवावे. चिकटणाऱ्या कडांत अडकलेले धागे काढून टाकावेत. ताण गेलेला पट्टा आधार देत नाही. तो बदलणेच योग्य. एकाचा पट्टा दुसऱ्याने वापरू नये.

या खुणा दिसल्यास पट्टा नको, दवाखाना गाठा

रात्री झोपेतून जागे करणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, पाठीवर एखादा मणका वर आलेला दिसणे, पडल्यानंतर किंवा उतारवयात एकाएकी सुरू झालेली तीव्र वेदना, तसेच लहान मुलाची सतत दुखणारी पाठ, या सर्वांची तपासणी विनाविलंब झाली पाहिजे. पायांतील शक्ती कमी होणे, बसण्याच्या जागेची संवेदना जाणे, लघवी तुंबणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ही तर तातडीची अवस्था होय. त्यात एक रात्रही घालवू नये. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रथम तपासणी करून घ्यावी. गरज भासल्यास तेथून जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठविण्याची व्यवस्था होते.

आपला अंगचा पट्टा

ज्यांचे पोक केवळ सवयीचे आहे त्यांनी रोज दहा मिनिटे स्वतःसाठी काढावीत. भिंतीला पाठ लावून एक मिनिट उभे राहावे. हनुवटी किंचित आत घेऊन मान उंच करावी व पाच अंक मोजावेत. दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकांजवळ आणून सोडावीत. पालथे झोपून डोके व छाती थोडी उचलावी. उताणे झोपून गुडघे दुमडून कंबर वर उचलावी. प्रत्येक क्रिया दहा वेळा करावी, मात्र दुखेपर्यंत ताणू नये. यास रोजच्या चालण्याची जोड द्यावी. वृद्धांनी आणि मणका दबलेल्यांनी हे व्यायाम विचारूनच करावेत.

दिवसभराच्या कामातही थोडा फेर करता येईल. बसताना तळपाय जमिनीला टेकावेत आणि कमरेमागे दुमडलेला पंचा ठेवावा. दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. ओझे उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यांतून वाकावे व ओझे अंगाशी धरावे. लावणी करताना अधूनमधून उभे राहून हात कमरेवर ठेवून पाठ मागे ताणावी. केंद्र शासनाच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक असू नये. ३० किलो वजनाच्या मुलाच्या खांद्यावर ३ किलोंहून जड दप्तर नको, हे पालकांनी घरच्या काट्यावर तपासून पाहावे. दप्तर दोन्ही खांद्यांवर अडकवावयाची सवयही मुलांना लावावी.

दुकानातला पट्टा काही दिवस साथ देईल, पण आयुष्यभर पाठ धरून ठेवणार आहेत ते आपले स्नायूच. घराघरांतील वडीलधाऱ्यांनी मुलांना “सरळ बस” असे जरूर सांगावे. परंतु त्याबरोबर एकदा त्यांची पाठ उघडी करून डोळे भरून पाहावी. जे बोलण्याने सुधारेल ते बोलून सुधारावे, जे व्यायामाने सुधारेल त्यासाठी व्यायाम करवून घ्यावा, आणि ज्याला खरोखरीच पट्ट्याची गरज आहे त्याला तो योग्य वेळी, योग्य मापाचा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने मिळेल, एवढी दक्षता घ्यावी.